आरशात बघून दिलेला जोड

माझ्या भाचीला घरात सगळे ‘ठिणगी’ म्हणतात. बँकेतली गारेगार नोकरी सोडून ती वेल्डर झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, अबोला धरला. तो सुटला एका अटीवर: बॉयलरच्या कारखान्यातली परीक्षा पास झाली तर ठीक, नाहीतर मुकाट्याने परत खुर्चीवर.

परीक्षा कसली, अग्निदिव्यच ते. पाइप भिंतीला खेटून उभा. त्याची मागची बाजू दिसत नाही, म्हणून तिथे आरसा लावून, आरशात बघत जोड द्यायचा. मग त्या जोडाचा एक्स-रे निघतो. आत केसाएवढं भोक राहिलं, तरी नापास. हे साधणारी माणसं विरळा, म्हणून कारखाना त्यांना साहेबांहून चढा पगार देतो. आमची पोर दोनदा नापास झालेली. आता शेवटची संधी.

“मामा, हात पुढे न्यावा, तर आरशातला हात माझ्याच अंगावर येतो,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

माझं उभं आयुष्य नाटकात, रंगपटातल्या आरशासमोर तोंड रंगवण्यात गेलेलं. मी तिला सांगितलं, आरशातल्या हाताकडे बघणाऱ्याची मिशी थेट कानात जाते. नजर रेघेवर ठेवावी, हात आपसूक येतो. मग पावडरचा डबा भिंतीशी ठेवला, मागे आरसा, आणि तिच्या हाती माझी भुवया कोरायची पेन्सिल: आरशात बघत डब्याच्या पाठीवर सरळ रेघ काढायची. सुरुवातीच्या रेघा म्हणजे मुंग्यांची वरात. ती रोज संध्याकाळी यायची, पुसायची, पुन्हा काढायची.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो, तर भाऊजी “सहज” म्हणून कारखान्याच्या फाटकाशी हजर. इतक्या येरझाऱ्या घातल्या, की शेवटी पहारेकरीच म्हणाला, काका, आत बाळंतपण नाही चाललेलं.

एक्स-रे निघून दुपारी ती बाहेर आली. हेल्मेट काखेत, चेहरा काळवंडलेला.

“स्वच्छ निघाला,” ती म्हणाली आणि फूटपाथवरच बसली. मग वडिलांकडे बघून म्हणाली, “आता बँकेत जाऊ का, बाबा?”

“तिथे जाऊन काय करणार? खुर्च्या जोडणार?” भाऊजींनी असा सुस्कारा सोडला, की माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

रिक्षात बसल्याबसल्या तिला झोप लागली. हेल्मेट घरंगळू लागलं, तसं भाऊजींनी ते मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं.