निजलेली जमीन

ठकूबाईंनी अश्वजितला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो त्यांच्या उतारावर उकिडवा बसून मूठभर माती नाकाशी धरून होता.

"काय रे, हुंगतोस काय? तपकीर नाय ती!" त्या वरून ओरडल्या.

तो हसत उठला. "कृषी सहाय्यक आहे, आजी. गावाचा आराखडा करायचाय."

आंबेनळीच्या रस्त्यापासून वाडीपर्यंत तासभराची चढण. आधीचे सहाय्यक खालीच देवळाच्या पायरीवर बसून रकाने भरत. हा चढून आला, एवढ्यावरच ठकूबाईंनी त्याला चहा दिला.

त्या वर्षी कृषी खात्याने नियोजन सुधारायचं मनावर घेतलं होतं. आराखडा आता गावातून वर जाणार होता, त्यासाठी सहाय्यकांना आठ दिवसांचं प्रशिक्षणही मिळालं. अश्वजितचा त्यावर मनापासून विश्वास बसला. त्याचे वडील महाडला कारकून होते. कागदावर नसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, हे तो घरीच शिकला होता.

ठकूबाईंचा उतार नाचणीचा. तीन वर्षं पेरायचा, तीन वर्षं सोडायचा, ही तिथली रीत. त्याचे दगडी बांध तीन ठिकाणी फुटले होते. ते बांधून मिळाले तर माती राहणार, नाहीतर पावसाबरोबर सावित्री नदीत जाणार.

"यंदा पेरलं नाही, आजी?"

"निजलीय जमीन. दोन वरसांनी उठंल."

त्याने वहीत लिहिलं, 'पड'. शब्द चुकीचा नव्हता, सोडलेल्या जमिनीला तिथे पडच म्हणतात. तालुक्याला माहिती संगणकात भरताना मात्र दोनच पर्याय निघाले, 'लागवडीखाली' आणि 'पडीक'. भरायचा शेवटचा दिवस होता, मागे चौघे खोळंबले होते. अश्वजितने 'पडीक' निवडलं.

बांधदुरुस्ती लागवडीखालच्या जमिनींनाच मंजूर झाली. यादीत ठकूबाईंचं नाव नव्हतं. त्याने नोंद बदलून मिळावी म्हणून अर्ज केला. मग दुसरा, तिसरा. त्याचे साहेब राजेंद्र, माणूस वाईट नव्हता.

"अरे, पाच वर्षांचा आराखडा आहे. एक ओळ बदलली की सगळे आकडे हलतात. आणि तुझा आराखडा जिल्ह्यात नमुना म्हणून निवडलाय. तूच त्यात चुका काढत बसणार?"

पावसाच्या तोंडावर एका रविवारी तो पहार घेऊन एकटाच वर गेला. ठकूबाई दगड हातात देत होत्या. दिवसभरात एक बांध कसाबसा उभा राहिला. आषाढात तो टिकलासुद्धा. उरलेल्या दोन ठिकाणांनी पाणी घुसलं आणि उतारावरची माती धुऊन नेली. खालचा कातळ उघडा पडला.

"चूक माझी, आजी. मी पडीक लिहिलं."

ठकूबाई कातळाकडे पाहत राहिल्या.

"निजलीय म्हनलेलं रे मी," त्या म्हणाल्या. "मेली नव्हतं म्हनलं."

त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही.

अश्वजित आता जिल्ह्याच्या नियोजन कक्षात आहे. नव्या सहाय्यकांना तो आराखडा करायला शिकवतो. संगणकात 'पड' हा तिसरा पर्याय घाला, अशी त्याची चार पत्रं वर गेली आहेत. प्रशिक्षणात नमुना म्हणून अजून त्याचाच आराखडा वाटतात. ठकूबाईंची ओळ त्यात सतराव्या पानावर आहे.