आनंदीकाकूंच्या सात गोगलगायी

काशीच्या दुर्गाघाटावरच्या ज्या घरात मी लग्न होऊन आले, त्याच्या खालच्या मजल्यावर यज्ञेश्वरभट आणि त्यांची बायको आनंदीकाकू राहत. आम्ही वरच्या मजल्यावर. नातं काही नव्हतं, पण विहीर एक, चौक एक आणि भांडणंही एकच, म्हणून मी त्यांना काका-काकूच म्हणत असे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. राज्य साहेबाचं होतं म्हणतात. आमच्या गल्लीत साहेब शिरलेला मला आठवत नाही. तिथे राज्य होतं ते यज्ञेश्वरकाकांच्या आवाजाचं.

काका उपाध्ये. नागपूर-वऱ्हाडाकडून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, अस्थिविसर्जनं, सगळं त्यांच्याकडे. मेलेल्या माणसाचं काय आणि कसं करायचं हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. जिवंतांच्या बाबतीत मात्र आनंद होता. समोरच्याचं वाक्य पुरं ऐकायची सवयच नाही. अर्ध्यावर "समजलं, समजलं" म्हणून हात झटकायचे. मला अशी माणसं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

काकू नागपूरच्या. अकराव्या वर्षी काशीला आल्या आणि पस्तीस वर्षं त्याच चौकात वावरल्या. मूल झालं नाही. पहिली दहा वर्षं सगळ्या घाटानं चौकशी केली, व्रतं सुचवली, मग कंटाळून सोडून दिलं. काकांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, बरं नाही की वाईट नाही. "त्यांनी एकदा रागानं बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं," असं काकू मला एकदा पालक निवडता निवडता म्हणाल्या, आणि लगेच पालकाच्या भावाबद्दल बोलू लागल्या.

गोगलगायी घरात आल्या त्या त्याच वर्षीच्या श्रावणात. धुण्याच्या दगडामागच्या ओल्या भिंतीवर त्या निघाल्या होत्या आणि शेजारची एक बाई मूठभर मीठ घेऊन त्यांच्यावर टाकत होती. मीठ पडलं की बिचाऱ्यांना फेस यायचा. काकूंनी तिचा हात धरला. आयुष्यात कुणाला "ए" म्हणून हाक न मारणाऱ्या काकू त्या दिवशी अशा कडाडल्या की मी वरून जिना उतरून आले. उरलेल्या सात त्यांनी पळसाच्या पानावर उचलल्या आणि मातीच्या एका पसरट कुंड्यात ओली माती घालून ठेवल्या. वर जुनी चाळण.

कुंडं चौकाच्या कोपऱ्यात, देवघरापासून लांब. आंघोळीच्या आधी काकू त्यांचं सगळं उरकायच्या, म्हणजे सोवळ्यात अडचण नको. दुधीची साल, काकडीचा तुकडा, पालकाचे देठ. भिंतीच्या चुन्याचा पोपडा टाकला तर त्या तोही खरवडून खातात, हे काकूंनी स्वतः शोधून काढलं. संध्याकाळी माती शिंपडली की एकेक बाहेर यायची, शिंगं लांबवायची, आणि काकू पाटावर बसून बघत राहायच्या. मला सुरुवातीला किळस यायची. नंतर मीही बसू लागले. घाईचं नाव नसलेला प्राणी बघत बसण्यात एक सुख आहे, घरातल्या पुरुषांना ते कळायचं नाही.

काकांना तर मुळीच नाही. एकदा एक गोगलगाय चाळणीतून निसटली आणि त्यांच्या पंचांगावरून चकचकीत रेघ ओढत गेली, नेमकी एकादशीवरून. काकांनी पुन्हा आंघोळ केली आणि दोन दिवस सगळ्यांना ऐकवलं. तरी फेकून दे म्हणाले नाहीत, एवढं मात्र खरं.

पुढच्या वैशाखात काकूंच्या भावाच्या मुलाची मुंज निघाली. नागपूरला जायचं म्हणजे दोन महिन्यांची निश्चिंती. निघायच्या सकाळी त्यांनी काकांना कुंड्यापाशी बोलावलं. मी तिथेच होते.

"पाणी रोज शिंपडायचं. साल रोज बदलायची. आणि हे बघा, गर्मी फार वाढली ना, की या..."

"समजलं, समजलं."

"नाही, ऐकून तर घ्या. या..."

"अगं, समजलं म्हणतो ना! तिकडे एक्का उभा आहे, गाडी चुकेल."

काकू थांबल्या. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मी तुमच्याजवळ काही मागितलं नाही. या सातही मला परत पाहिजेत." काकांनी जानव्याला हात लावून हो म्हटलं. त्यांनी शब्द दिला की पाळत, हेही मला सांगितलंच पाहिजे.

आणि पाळायला त्यांनी खरंच जिवाचं रान केलं. साठीला आलेला तो माणूस रोज सकाळी कुंड्यापुढे उकिडवा बसे, काकडी चिरे, पाणी शिंपडे. पण ज्येष्ठाची लू, ते भाजून काढणारं वारं, सुरू झाली आणि गोगलगायी बाहेर यायच्या बंद झाल्या. खाणं तसंच वाळून जाऊ लागलं. एके दिवशी काकांनी माती उकरली तर सातही अंग शंखात ओढून पडलेल्या, प्रत्येकीच्या तोंडावर वाळलेल्या पेजेसारखा पांढरा पापुद्रा. हलवलं, हाका मारल्या, काही नाही.

"शरदिनी, जरा खाली ये," असा त्यांचा आवाज आला तो मी ओळखलाच नाही, इतका बारीक होता. मी बघितलं आणि मीही मान हलवली. मेलेल्या जिवाला वास येतो आणि इथे कसलाच वास नाही, एवढी साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. काका घाबरले होते. घाबरलेला माणूस आपल्याला जे येतं तेच करतो.

"काशीत मेला जीव उकिरड्यावर टाकायचा नाही," ते म्हणाले. मग बराच वेळ स्वतःशीच शास्त्रार्थ केला. अग्नी देता येत नाही. संन्याशांना आणि लहान मुलांना अग्नी न देता गंगेत सोडतात. या संन्यासी खास नव्हेत. तेव्हा लहान मुलांचा विधी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सातही एका द्रोणात ठेवल्या, वर तुळशीपत्र ठेवलं आणि नाव केली. "पंडितजी, ई का है?" मल्लाहानं विचारलं तर त्याला गप्प बसवलं. मधल्या धारेत नेऊन मंत्र म्हणत द्रोण सोडला. द्रोण कलंडला, पण गोगलगायी बुडाल्या नाहीत. राजघाटाच्या दिशेनं तरंगत गेल्या. घरी येऊन काकांनी मला हे फार समाधानानं सांगितलं. उत्तम गती मिळाली म्हणाले.

काकू आषाढाच्या तोंडावर परतल्या. ट्रंक दारातच ठेवून आधी कुंड्याशी गेल्या. काकांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. काकूंनी पुरं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तोंडावर पांढरं झाकण होतं?"

"होतं."

"झोपल्या होत्या त्या. तुम्ही थंडीत प्रयागला मेळ्यात होतात, ही शरदिनी माहेरी होती, तेव्हाही अशाच झाकण लावून झोपल्या होत्या. गर्मीतही झोपतील, पाऊस पडला की उठतील, हेच सांगत होते मी. तरंगल्या म्हणता ना? आत जीव होता म्हणून तरंगल्या."

काकांनी ते वाक्य शेवटपर्यंत ऐकलं, बहुधा जन्मात पहिल्यांदा.

त्या दिवसापासून काकूंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. स्वयंपाक करत, पान वाढत, धोतर धुऊन वाळत घालत. शब्द मात्र नाही. काही सांगायचं झालंच तर मला सांगत आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या काकांना सांगायची. माझी फार पंचाईत व्हायची. पाऊस सुरू झाल्यावर काका भिजत भिजत भोसले घाटापर्यंत जाऊन दगडांखाली शोधू लागले. तीन गोगलगायी आणल्या आणि कुंड्यात ठेवल्या. काकूंनी त्या उचलून भिंतीवर नेऊन सोडल्या. काका बघत उभे राहिले. मला त्यांचा राग येत होता तो त्या दिवशी गेला, आणि थोडा काकूंचा आला.

आषाढ गेला, श्रावण गेला. भाद्रपदात गंगेला पूर आला, घाट बुडाला, म्हणून सर्वपित्री अमावास्येचं तर्पण काका घरी चौकातच करायला बसले. ताम्हन, दर्भ, काळे तीळ. काकू सोवळ्यात स्वयंपाकघरात खीर ढवळत होत्या आणि मी ओलेत्यानं भाज्यांना हात लावत होते. दार उघडं होतं. काकांचे वडील झाले, आजे झाले, आई, आत्या, मामा, गुरू झाले. एकेकाचं नातं, नाव, गोत्र, आणि पाणी. यादी संपली तरी काका उठेनात. ओंजळीत पाणी तसंच धरलेलं.

"ऐकलंस का," ते दाराकडे न बघता म्हणाले, "त्या सातांची नावं सांग. गोत्र माझं घालतो. नावाशिवाय पाणी पोचत नाही."

मला वाटलं, काकांचं डोकं फिरलं. गोगलगायींना कुठली नावं? वर्षभर मी त्यांच्यापाशी बसले, एकदाही ऐकली नव्हती. काकूंचा हात थांबला.

"गोदी, वेणी, रेवा, ठकी, चिमणी, दुर्गी, यमी," काकू म्हणाल्या. एका दमात, कुठे न अडखळता.

काकांनी पळी उचलली. "अस्मत्कन्यां गोदानाम्नीं भारद्वाजगोत्रां तर्पयामि." अस्मत्कन्या म्हणजे आमची मुलगी. उपाध्यांच्या घरात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला ते समजावून सांगावं लागत नाही. वेणी झाली, रेवा झाली. मग काकांचा आवाज चिरकला आणि त्यांनी चिमणीचं नाव घेतलं.

"आधी ठकी," काकू म्हणाल्या. "ठकी मोठी." तीन महिन्यांनी त्या त्यांच्याशी बोलल्या ते हे.

"बरं," म्हणून काकांनी ठकीला पाणी दिलं. काकू पळा तसाच टाकून उंबऱ्यावर येऊन बसल्या आणि यमीपर्यंत तिथेच बसून राहिल्या. मी मागे वळून चुलीकडे बघायला हवं होतं, पण मलाही दिसत नव्हतं काही. त्या वर्षी पितरांच्या पानात करपलेली खीर वाढली.