चिकटलेली नस

"किसने बोला था लेटे रहने को? किसने?"

डॉक्टर असे गरजले की बाहेर पट्टा बांधून बसलेला एक पेशंट घाबरून विनापट्टा घरी गेला, म्हणे. मी टेबलावर उताणा, माझा डावा पाय त्यांच्या हातात. वीतभर वर नेला की कमरेपासून अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखी कळ. मणक्याच्या ऑपरेशनने जिला हाकलली होती तीच.

"साहेब, कसरत बंद करा हा निरोप तुमचाच ना?"

"माझा?"

मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून रिक्षा बघत होती, जणू सुरतेत आजच रिक्षा आल्या.

डॉक्टरांनी समजावलं. सरकलेली गादी काढली की जखम भरताना आत जाळं धरतं आणि ते नसेला चिकटू शकतं. म्हणून त्यांनी नसेभोवती जेल सोडलं होतं. बाकीचं काम माझं: रोज पाय हळूहळू उचलायचा, घोटा हलवायचा, घरातल्या घरात चालायचं. नस सरकती राहिली पाहिजे. आता मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या लूम कारखान्यात जन्म काढलेला माणूस. खळ लावलेले धागे सुटे न करता वाळवले तर काय होतं, हे मला सांगायला नको.

"गॅरंटी कसरतीचीही नसते," ते म्हणाले, "पण हातात होतं तेवढं तरी करायचं." आता पुन्हा कसरत, गोळ्या, त्यानेही नस सुटली नाही तर परत चिरफाड, आणि तिचाही भरवसा नाही. म्हणजे लूमसमोर उभं राहणं संपल्यात जमा.

आमच्या नवागामच्या गल्लीत ऑपरेशन झालेल्या माणसाला बाळंतिणीसारखं जपतात. शेगडी, कानाला रुमाल, डिंकाचे लाडू, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. शेजारच्या वहिनी रोज बघून जायच्या. बाळ तेवढं नव्हतं. त्यात डॉक्टरांनी धाडलेला कसरतवाला आला. त्याने पाय उचलला आणि मी जी बोंब ठोकली, ती ऐकून तापी दोन मिनिटं उलटी वाहिली. दुसऱ्या दिवसापासून तो मला दिसलाच नाही. "डॉक्टरांनीच बंद केलं," असं म्हणत बायकोने लाडू पुढे केला.

मी मानलं. का नाही मानणार? थापा मारणं हे या घरातलं माझं खातं. संसार सुरू झाल्यापासून तिने त्यात कधी हात घातला नव्हता. गल्लीतल्या कोणाचाही शब्द मी तपासून घेतला असता, तिचा नाही.

परतताना रिक्षात मी सुटलो. "पाठीत खंजीर म्हणतात तो हाच! आणि तोही टाके पडलेल्या पाठीत! त्या कसरतवाल्याला दारातून परत धाडला?"

"हो."

"रोज?"

"आला तितक्या वेळा."

"आणि मी विचारलं तर डॉक्टरांचं नाव सांगितलं! माझा पाय गेला तर?"

रिक्षावाला आरशातून तिच्याकडे बघायला लागला. तिने पदर सारखा केला.

"तुम्ही मेलो मेलो म्हणत होते. मला खरं वाटलं."