अमावस्येच्या संध्याकाळचं दूध

गेल्या उन्हाळ्यात एका बाईंनी आपल्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड चोरल्याचा दावा एका कंपनीवर नगरच्या न्यायालयात दाखल केला. कोर्टाबाहेरच्या बाकावर मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. नेवाशाकडच्या आपल्या गावातल्या दूध डेअरीसाठी त्यांनी प्रोग्रॅम लिहिला होता. बोलताना त्या सारखा चष्मा पदराला पुसत.

“आमच्यात अमावस्येला सांजचं दूध विकत न्हाईत, वासरांना सोडत्यात. म्हनून त्या सांजेला मी प्रोग्रॅममधी दुधाची नोंद बंद ठेवली. आता ह्या कंपनीचा प्रोग्रॅम, जिथं ही रीत न्हाई त्या परजिल्ह्यातबी, अमावस्येच्या सांजेला नोंद घेत न्हाई.”

तेवढ्यात कंपनीचे वकील आले. “ताई, कोड कंपनीचाच आहे असं लिहून द्या. तिथं नोकरी लावतो.”

“माझा कोड तुमच्याकडं कामाला हायच की, वकीलसाहेब. मी आनि कशाला येऊ?”

त्यांनी लिहून दिलं नाही. पुढच्या तारखेला त्या हजर होत्या.