माणूस मंगळावर उतरला, असं लिहिलं होतं

दशरथ मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरादच्या बाजारात वांगी निवडत होतो. सकाळी घराबाहेरचा फळा लिहून आत गेला, छातीत दुखतंय म्हणाला आणि संपलं. हातातली वांगी भाजीवालीला परत दिली आणि तिथंच उभा राहिलो... अडीच महिने झाले. अजून घरात वांग्याची भाजी केली की मी ताट सरकवतो.

ठाणाकुशनूरच्या शाळेत आम्ही अठ्ठावीस वर्षं सोबत होतो. तो विज्ञान शिकवायचा, मी कन्नड. परिपाठाला दिनविशेष सांगायचं काम त्याचं. इतरांचं जयंती-पुण्यतिथ्यांवर भागायचं. हा मात्र गुरूचे चंद्र पहिल्यांदा कधी दिसले, प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून कधी उठवलं, असलं काही काढायचा. निवृत्त झाल्यावर शाळेनं टाकून दिलेला फळा त्यानं घरी आणला, काळा रंग दिला आणि ओसरीच्या पत्र्याखाली, रस्त्यावरून दिसेल असा ठोकला. रोज सकाळी अंघोळ करून खडू घेऊन उभा.

"कोण वाचतंय गा हे?" मी एकदा चिडवलं.

"तू वाचायलास की," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर दूध आणायला जाताना मी फळ्याकडे नुसती मान वळवायचो. त्यानं विचारलंच, तर "वाचलो की, झकास हाय" म्हणून पुढं सटकायचो. मला वाटायचं, मित्राचं मन राखतोय.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून लोक पांगले, तेव्हा त्याच्या बायकोनं, सुमनअक्कांनी, मला चहा दिला आणि समोर बसल्या.

"गुरुजी, गेल्या वर्साला जुलैमंदी त्येनी मुद्दाम चुकीचं लिवले. आजच्या दिवशी माणूस मंगळावर उतरला म्हनून. कोन पकडतंय बघू म्हनले. दिसभर दारात खुर्ची टाकून बसले, जेवायला बी आत आले न्हाईत."

"मग?"

"मग काय... कोनीच काय बोललं न्हाई. सांजच्याला सोताच उठून मंगळ पुसले, चंद्र लिवले."

त्या सकाळी मी तिथून गेलो होतो. पक्कं आठवतंय, कारण मला बघून तो खुर्चीतून अर्धा उठला होता. मी दुधाची किटली हलवत "झकास हाय!" म्हणालो, आणि तो परत बसला. लाज वाटली, स्वतःचा राग आला. भर गावात, ओळखीच्या माणसांत तो इतका एकटा होता, आणि मी त्याचा मित्र म्हणवून घेत होतो.

निघताना फळ्यासमोर थांबलो. शेवटच्या सकाळचं त्याचं ठसठशीत अक्षर तसंच होतं: '२३ सप्टेंबर १८४६. युरेनस ग्रहाचा शोध.' दोनदा वाचलं. कुठंतरी खटकलं. अक्कांकडून त्याची दिनविशेषांची वही मागून घेतली. त्या तारखेपुढं त्यानं स्वतःच नेपच्यून लिहिलं होतं. फळ्यावरची चूक वयानं झाली, की त्यानं आणखी एकदा आमची परीक्षा घेतली, आता कुणाला विचारणार? खुर्ची अजून दारातच होती.

"मास्तर," मी तिच्याकडे बघून म्हणालो, "नेपच्यून पायजे हुतं. चुकलास बघ."

अक्का फळा पुसायला ओलं फडकं घेऊन आल्या होत्या. म्हणालो, राहू द्या. आता रोज दूध आणायला जाताना मी तिथं थांबतो आणि ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो.