चपलेत उभा केलेला फोन

बातमी मला फोनवरच्या लाइव्हमध्येच कळली. रविवारची दुपार. तिरुपूरच्या खोलीत मी गात होतो, खोलीतला सोबती पाण्याच्या ड्रमवर ठेका धरत होता आणि कमेंटमध्ये कन्हेरीच्या कुणीतरी लिहिलं, "संघमित्राताई गेल्या." गाणं तिथंच थांबलं...

ताई कन्हेरीच्या. पुण्यात संवादशास्त्र शिकवायच्या आणि लाइव्हवर गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांचा अभ्यास करायच्या. मी त्यांच्याच भागातल्या सांगवीचा, नववीत शाळा सोडून इथं बनियनच्या कारखान्यात लागलेला. भीमगीतं गायची हौस. त्यांची पहिली कमेंट अजून पाठ आहे : "सांगवीकर, आवाज झकास हाय, पण नुसतं छतच दिसतंय." एवढी शिकलेली बाई ऐकते म्हटल्यावर मी घाबरलो. पुढच्या रविवारी वहीत लिहून आणलं, "रसिकहो, आता मी सादर करीत आहे..." माणसं भराभरा निघून गेली. जाता जाता एकानं विचारलं, "काय राव, बातम्या लागल्या का?" संध्याकाळी ताईंचा फोन. "दादा, हे कुणासाठी चाललंय?" म्हटलं, "तुमच्यासाठीच की." "मग बंद करा. मी कन्हेरीची हाय, दिल्लीची न्हाय."

पुढे त्या तिरुपूरला आल्या. उलट्या बादलीवर बसून वही भरली. मधेच उठल्या, माझी जुनी रबरी चप्पल घेतली, कात्रीनं टाचेला चीर पाडली आणि फोन तिच्यात उभा केला; आता छताऐवजी मी दिसू लागलो. सोबती म्हणाला, "पीएचडी यासाठी करत्यात व्हय?" सगळ्यात जास्त ताईच हसल्या.

मला मात्र एकच धास्ती. त्या लिहीत होत्या त्या पुस्तकात या नववीवाल्याचं हसं होईल. त्या निघताना विचारलंच. "तुमी ऐकल्याशिवाय एक ओळ छापायची न्हाय," त्या म्हणाल्या. आणि खरंच, शेवटच्या आजारपणातही त्यांनी माझ्यावरचं प्रकरण फोनवर मला वाचून दाखवलं. अवघड शब्द आला की थांबायच्या, आपल्या बोलीत सांगायच्या. त्यात लिहिलं होतं, हा माणूस गाण्याआधी ऐकणाऱ्यांनी कमेंटमध्ये लिहिलेली गावं मोठ्यानं वाचतो, म्हणून लांब राहणाऱ्यांना घरी गेल्यासारखं वाटतं. मी कबूल केलं, "ताई, मी तर भीतीनं वाचतो. कोण कोण बघतंय ते कळावं म्हणून."

"ते पण लिहिलंय," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर दोन रविवार गायलो नाही. तिसऱ्या रविवारी सोबत्यानं ड्रम रिकामा केला आणि चप्पल माझ्यापुढं ठेवली. मी फोन चिरेत बसवला. माणसं यायला लागली तशी गावं वाचू लागलो. काटेवाडी, इंदापूर, सांगवी...

कन्हेरी मात्र कुणी लिहायच्या आधीच वाचलं.