टीव्हीचा आवाज

सत्य फार काळ लपून राहत नाही, असं सगळे सस्पेन्स सिनेमे ठासून सांगतात. ते बनवणाऱ्यांनी भाड्याने घर शोधलेलं नसावं. परवा टीव्हीवर बायकोपोरांपासून ओळख लपवणाऱ्या गुप्तहेराचा जुना सिनेमा लागला आणि सातपूरचं आमचं भाड्याचं घर आठवलं. गावावरून पडलेलं आमचं आडनाव ऐकून घरमालकीण काकूंनी आमची जात स्वतःच ठरवून टाकली होती. आम्ही बौद्ध आहोत हे आम्ही सांगितलं नाही, कारण जिथे सांगितलं होतं तिथली घरं 'कालच गेली' होती. एका रविवारी काकू हाच सिनेमा बघायला आमच्याकडे भाजलेल्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. "बायकोला एवढं कळू नये? मी तर माणूस उंबऱ्यातच ओळखते," त्या म्हणाल्या. "हो ना," आई म्हणाली. तेवढ्यात गॅलरीत वडिलांचा फोन वाजला. ते सवयीने खड्या आवाजात "जय भीम" म्हणणार, हे ओळखून आईने रिमोट उचलला आणि गोळीबाराने खिडकीच्या काचा थरथरल्या. "अगं, बहिरी झालीस का?" काकू ओरडल्या. "महत्त्वाचा सीन आहे," आई म्हणाली. वडील आत आले, त्यांनी आईच्या हातातला रिमोट पाहिला आणि ते शेंगा सोलायला बसले. त्यांच्या तोंडाकडे बघायची मला इतकी लाज वाटली की मी पडद्यावरची नजर हलवली नाही. पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा ते चपला घालून खाली रस्त्यावर गेले. परवा मी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. गुप्तहेर पकडला जातो. आमचा भाडेकरार मात्र काकूंनी खुशीने वाढवून दिला होता.